बिनचाकी ढकलगाडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ढकलगाडा आहे. मला चाकं नाहीत, कारण सहज सरकू नये असंच मला घडवलं. आमच्या अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. त्या पळणाऱ्याला धडक देऊन आडवं करतो तो लाइनबॅकर. रॉस्को टॉलिव्हरला लाइनबॅकर व्हायचं होतं, म्हणून त्याचे वडील अर्ल यांनी उरल्यासुरल्या लोखंडातून मला जोडलं आणि धडकेच्या सरावासाठी पुढे गादी बांधली.

अर्ल पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या पोलाद कारखान्यात वेल्डर होते. कामाची पाळी संपली की ते शाळेच्या मैदानावर येत, वजन म्हणून माझ्यावर बसत आणि रॉस्कोला डिवचत, "ढकलतोयस की गोंजारतोयस?"

त्याच्या खांद्याचे दणके खाऊन माझी गादी चपटली. पुढे तो मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघात गेला आणि नऊ हंगाम खेळला. त्याचा सामना असला की सारं गाव रेडिओला कान लावून बसे. मी मैदानात उभ्या उभ्या तो गलका ऐकत असे. फार गोड दिवस होते ते.

मग त्याचा गुडघा गेला. त्याच वर्षी कारखान्यालाही टाळं लागलं. रॉस्को कुबडी घेऊन घरी परतला. एक हिवाळाभर लोकांनी कौतुकानं पाठ थोपटली, नंतर ते विसरले. मीही मैदानाच्या कडेला गवतात गंजत पडलो.

एके दिवशी शाळेचे प्रशिक्षक डॉमिनिक त्याच्या दारी गेले. म्हणाले, "तुझा गाडा उद्या भंगारात जाणार. हवा असेल तर घेऊन जा."

त्यानं मला घरी आणलं. अर्ल स्वयंपाकघरात रिकामे बसले होते.

"बाबा, वेल्डिंग जमेल का अजून?"

"तू पळणं विसरलास का?"

"नाही."

"मग मला कसला विचारतोस?"

बापलेक कामाला लागले. अर्ल जुन्याच उंचीवर गादी बसवू लागले, तेव्हा रॉस्को म्हणाला, "खाली घ्या, बाबा. धडक इथे बसते. तुम्ही मला घडवलंत, पण मार मी खाल्लाय." त्यानं मागे स्प्रिंगही बसवली. मी नवा होऊन मैदानावर परतलो. शेजारच्या शाळेनं मला पाहून तसाच गाडा मागितला, मग महाविद्यालयांनी मागितले. रॉस्कोनं बंद कारखान्यातल्याच वेल्डरांना बोलावून गाडे बनवायची कार्यशाळा काढली. पंधरा वर्षांत आमचे गाडे वीस राज्यांत पोचले. अर्लनी शेवटपर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट फिरवल्याशिवाय एकही गाडा फाटकाबाहेर जाऊ दिला नाही.

आता अर्ल नाहीत. रॉस्कोचे केस पिकलेत. माझ्या सांध्यांत पुन्हा गंज धरतोय.

मित्रांनो, पावसात भिजलेलं लोखंड पुसून ठेवा, त्याला तेल द्या. आणि ज्याच्या नावाचा कधीकाळी गाव जयघोष करायचं, असा कुणी तुमच्या गल्लीत गप्प बसलेला दिसला, तर त्याला जुन्या सामन्याची गोष्ट विचारू नका. ती विचारणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्याच्यासाठी एखादं काम घेऊन जा.