जुम्रानची जमीन आणि सरकारी खांब

आमच्या पुलो सारंगे बेटाला जमीन मिळते ती लग्नामुळे. लग्न ठरलं की मुलानं होडी काढायची, ओहोटीच्या वेळी खडकावर जाऊन मेलेल्या पोवळ्याचे दगड गोळा करायचे आणि बेटाच्या कडेला, समुद्रातच, आपल्या घरापुरता ओटा रचायचा. मोठ्या भरतीचं पाणी ओट्यावर चढेनासं झालं की मुलीकडचे लग्नाची तारीख देतात. माझ्या नवऱ्याला सात महिने लागले होते. तो दगड रचायचा, आणि मी खिडकीत बसून हा इतका सावकाश का रचतोय म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. तो जाऊन नऊ वर्षं झाली. ओटा अजून हललेला नाही.

एक अट मात्र पक्की आहे. दगड नवऱ्यामुलानं आणि त्याच्या सख्ख्या भावांनीच आणायचे. शेजाऱ्याचा एक जरी दगड ओट्यात गेला तरी त्याच्या मागोमाग शेजाऱ्याचं भांडण घरात शिरतं, असं आमच्यात मानतात. आमच्या शेजाऱ्यांची भांडणं मी ऐकलेली आहेत, त्यामुळे मीही मानते.

अशी दीडशे वर्षांची लग्नं एकाला एक चिकटून साडेतीन हजार माणसांचं बेट झालंय. घराला घर लागलेलं. गवत उगवायला जागा नाही म्हणून शेळ्या पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं खातात. सरकारी नकाशात मात्र आमच्या जागी एक ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'खडक. जहाजांनी सांभाळून जावे.' निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना तो खडक बिनचूक सापडायचा.

मग राजधानीतल्या नकाशाच्या खात्यानं ठरवलं की साऱ्या देशाचा एकच नकाशा करायचा. तोवर जंगलवाल्यांचा वेगळा, खाणवाल्यांचा वेगळा, मासेमारीवाल्यांचा वेगळा. एकाच्या नकाशात डोंगर असेल तिथं दुसऱ्याच्या नकाशात तळं. आमचा ठिपका तेवढा सगळ्यांकडे सारखा होता.

मोजणीसाठी आले ते पाक विनार्नो. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानानं 'पाक' म्हणतात आणि बाईला 'इबू'. जावाकडचे, सडपातळ, पन्नाशी उलटलेले, बोलण्यात इतके मऊ की भाव करताना कोळणींनाच त्यांची दया यायची. बरोबर दोन माणसं, तीन पायांची एक तिपाई आणि उपग्रहांशी बोलणारं एक यंत्र. माझी खाणावळ धक्क्यालगत आहे, म्हणून त्यांनी पाणी मोजायची पट्टी माझ्या दारासमोरच रोवली आणि मुक्कामही माझ्याच पुढच्या खोलीत ठोकला. महिनाभर दर तासाला पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. एकतीस वर्षांत एकही आकडा अंदाजानं लिहिला नाही, असं त्यांनी मला पहिल्याच जेवणाला सांगितलं. बायको कुठं असते ते चौथ्या जेवणाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख हाजी मुस्तामिन यांच्या ओसरीवर त्यांनी अर्ज भरायला घेतला. मी कॉफी घेऊन गेले होते, तर मलाच विचारलं.

"इबू, इथली जमीन कशी तयार झाली? ज्वालामुखी, प्रवाळ, गाळ की इतर?"

"लग्नातून."

"ते यात नाही."

"मग 'इतर'मध्ये लिहा की."

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि दोन बोटांच्या त्या चौकटीत सुंदर अक्षरात लिहिलं, 'विवाह'.

आठ दिवसांत खात्याचं उत्तर आलं. हाजींनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. 'विवाह ही भूमी तयार होण्याची मान्य प्रक्रिया नाही. कृपया विवाहापूर्वीची भूमी दाखवावी.'

"विवाहापूर्वीचं म्हणजे पाणी," हाजी म्हणाले. "न्या त्यांना आणि दाखवा पाणी."

सगळे हसले. पाक विनार्नो हसले नाहीत, कारण पुढचा परिच्छेद त्यांनी आधीच वाचला होता. महिन्याची सगळ्यात मोठी भरती ज्या दिवशी असेल त्या दिवशी बेटाभोवती रेघ ओढायची. कोरडं राहील ती जमीन, भिजेल तो समुद्र. रेघ एकदा छापली की तिच्या पलीकडे भर घालायला कायमची बंदी.

"आणि पुढची लग्नं?" मी विचारलं.

"लग्नांना बंदी नाही, इबू. फक्त जमिनीला."

माझी एकुलती एक मुलगी रोसमिना, बालवाडीत शिकवते. तिचं जुम्रानशी ठरलेलं. जुम्रानचा ओटा बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मोठ्या भरतीला अजून हातभर पाण्याखाली. त्याचा एक भाऊ मलेशियात जहाजावर, दुसऱ्याची पाठ धरलेली. म्हणजे दगड आणणारा एकटा जुम्रान, आणि रेघेला उरलेले एकोणीस दिवस. ओटा झाला नाही तर त्याच्या मामाचं पलीकडच्या शहरात टायरचं दुकान आहे, तिथं माळ्यावर खोली मिळेल, असं त्याची आई मला येता-जाता ऐकवत होती.

जुम्रान पहाटे जायचा आणि पाणी चढेपर्यंत दगड आणायचा. हातांची सालपटं निघाली. नवव्या दिवशी मी काठी बुडवून पाहिली, तर नऊ दिवसांत ओटा चार बोटं वर आला होता.

"मा, होईल ना?" जुम्राननं विचारलं.

"होईल," मी म्हटलं. मला गणित येतं, पण ते प्रत्येक वेळी बोलून दाखवायचं नसतं.

त्याच सुमारास पाक विनार्नोंचीही एक पंचाईत झाली होती. गावात त्यांना काँक्रीटचा एक खांब रोवायचा होता, डोक्यावर पितळी चकती असलेला. सगळ्या उंच्या त्याच्यावरून मोजायच्या. तो एकदा रोवला की त्याच्या खाली जे आहे ती कायद्यानं जमीन, आणि त्याला कुणी हलवलं तर तुरुंग. फक्त खांबाला वर मोकळं आभाळ लागतं आणि आमच्याकडे मोकळं आभाळ कुणी ठेवलेलंच नाही. छपराला छप्पर. मशिदीच्या अंगणात अर्धं आभाळ घुमटानं खाल्लेलं. शाळा पाण्यात खांबांवर उभी, मुलं पळाली की डुलते. तीन दिवस ते मान वर करून गावभर हिंडले. दोनदा शेळीवर आपटले, आणि एकदा त्या शेळीनं त्यांचा पश्चिम किनाऱ्याचा नकाशा खाल्ला.

चौथ्या दिवशी मी कैरी घालून माशाचं आंबट कालवण केलं, त्यांना आवडतं तसं, आणि वाढता वाढता म्हटलं, "पाक, पूर्वेच्या टोकाला आभाळ अगदी मोकळं आहे."

"तिथं पाणी चढतं, इबू."

"खांबाखाली तुम्ही पाया घालता ना? कशाचा?"

"दगड, वाळू, सिमेंट. दीड मीटर."

"किती रुंद?"

त्यांनी घास तसाच हातात ठेवला. "नियमात कमीत कमी किती ते दिलंय," ते सावकाश म्हणाले. "जास्तीत जास्त दिलेलं नाही."

मग त्यांनी आणखी भात मागितला. एरवी मागत नसत.

अडचण होती ती आमच्या अटीची. मी हाजींकडे गेले. "सरकारचा दगड शेजाऱ्याच्या दगडात धरायचा का?"

हाजींनी दाढी कुरवाळली. "शेजारी म्हणजे ज्याच्याशी भांडता येतं तो," ते म्हणाले. "सरकारशी कुणाला भांडता आलंय? घाला."

सरकारी होडीतून सिमेंट आलं. जुम्रानच्या ओट्यावर खांबाचा पाया सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब झाला, म्हणजे आमच्याकडे दोन माणसांचं घर असतं तेवढा. मोठ्या भरतीच्या दिवशी सगळं गाव पूर्वेला जमलं. पाणी आलं, दगडांना चाटत वर सरकलं, आणि काठापासून चार बोटं खाली थांबलं. पाक विनार्नोंनी ओट्याला बाहेरून वळसा घालून रेघ ओढली. जुम्रानची आई माझ्या गळ्यात पडली आणि टायरचं दुकान पहिल्यांदाच विसरली.

त्यानंतर चार दिवसांनी रोसमिना एक कागद घेऊन आली. 'खांबाभोवती दहा मीटरपर्यंत कोणतेही बांधकाम करू नये. आकाश मोकळे ठेवावे.' खाली जागेच्या वतीनं माझी सही.

"मा, वाचून सही केलीस?"

"वाचूनच केली."

"कुठपर्यंत वाचून?"

"'जमीन' या शब्दापर्यंत."

तिनं कागदाची घडी घालून माझ्याच हातात ठेवली. ते मला जास्त लागलं. मुलीला मी सरकारी शिक्क्याची पक्की जमीन मिळवून दिली होती, आणि तिच्यावर चूल मांडली असती तर जावई तुरुंगात गेला असता.

माझ्याकडे वाचायचा धीर नाही, पण माझ्या मुलीकडे आहे. तिनं पाक विनार्नोंकडून खात्याच्या नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि बालवाडीची मुलं झोपली की वाचत बसली. दोनशे चौदाव्या पानावर तिला राखणदार सापडला. ओसाड जागी खांब असेल तर त्याची राखण करायला स्थानिक माणूस नेमावा. पगार नाही. मात्र त्याला खांबाजवळ निवारा बांधता येईल, छपराचा कोणताही भाग खांबाच्या माथ्यावरून पंधरा अंश चढत जाणाऱ्या रेषेच्या वर गेला नाही तर.

"ही जागा ओसाड आहे का?" पाक विनार्नोंनी विचारलं.

"तुमच्या नकाशात काय लिहिलंय?" रोसमिना म्हणाली. "खडक."

मग त्यांनी पट्टी आणि कोनमापक काढलं आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलीचं घर काढलं. मधे खांब आणि उघडं अंगण, भोवती खोल्या. छप्पर अंगणाच्या बाजूला माझ्या हनुवटीइतकं आणि बाहेरच्या बाजूला उंच होत गेलेलं. आमच्याकडे घर जितकं उंच तितकी घराची पत.

"माझा मुलगा काय बेडूक आहे?" जुम्रानच्या आईनं विचारलं.

"राखणदार आहे," मी म्हटलं. "सरकारी." तिला ते पटलं. लग्न ईदनंतर झालं. वऱ्हाडातली जाणती माणसं वाकून अंगणात गेली आणि वाकूनच बाहेर आली, त्यामुळे जोडप्याला फार मान मिळाल्यासारखं दिसलं.

पुढं नवा नकाशा आला. सगळं गाव तुटक रेघांत, वर 'अनैसर्गिक भूभाग, तपासणी बाकी'. पूर्वेच्या टोकाला मात्र ठसठशीत काळा त्रिकोण आणि त्याला नंबर. साडेतीन हजार माणसांत खात्याला पक्की खात्री होती ती माझ्या मुलीच्या अंगणाचीच. तेव्हापासून तीन नवऱ्यामुलांच्या आयांनी खात्याच्या कचेरीकडे सुक्या माशांचे डबे पाठवलेत, आमच्याकडेही एक खांब द्यावा म्हणून.

वर्षानं पाक विनार्नो तपासणीला आले. रोसमिनाला तेव्हा सातवा महिना होता. त्यांनी अंगणात तिपाई लावली, मोजलं, वहीत पाहिलं, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ते ओट्याच्या काठावर बसले.

"काय झालं, पाक?" मी विचारलं.

"खांब खाली गेलाय. दोन सेंटिमीटर. नवे दगड दबतात थोडे."

"मग?"

"खचलेला खांब रद्द होतो." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. खांब रद्द म्हणजे राखणदार रद्द, राखणदार रद्द म्हणजे निवारा रद्द, हे रोसमिनाला पानासकट पाठ होतं. ती दाराला टेकून उभी होती, एक हात पोटावर. मासे साफ करत बसलेल्या जुम्राननं सुरी खाली ठेवली.

पाक विनार्नोंनी राजधानीत फोन लावला. पलीकडचा साहेब इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"खांब कसा खचेल? उंची त्याच्यावरूनच मोजतात."

"मी तीनदा मोजलं, साहेब."

"मग समुद्र वर आला असेल."

"समुद्रही मोजला."

"समुद्र आपल्याकडे नाही, तो दुसरा विभाग. अर्जात दोन चौकटी आहेत ना? 'जागेवर आहे' आणि 'नाहीसा झाला'. नाहीसा झालाय का?"

"नाही."

"मग मला का छळताय?"

फोन बंद झाला. पाक विनार्नोंनी अर्ज मांडीवर घेतला. खांबाकडे पाहिलं, मग रोसमिनाकडे, मग परत खांबाकडे. 'जागेवर आहे' या चौकटीत त्यांनी खूण केली. खाली समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, 'उणे २ सेंमी' असंही लिहिलं.

"कुणी वाचलं तर?" जुम्राननं विचारलं.

"समास कुणी वाचत नाही. पण आकडा लिहावा लागतो." त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "अजून दोन पावसाळे दबेल, मग थांबेल. तोवर पूर्वेचा कोपरा भरत राहा. रेघेच्या आतल्या बाजूनं. आत भर घालायला बंदी नाही, मी पाहिलंय."

"किती भर?"

"बाळंतपणाआधी चाळीस टोपल्या तरी."

बाहेर ओहोटी लागली होती. जुम्रान टोपली घेऊन निघाला, तर रोसमिना म्हणाली, आधी जेवून जा. तो म्हणाला, आल्यावर जेवतो, पाणी थांबायचं नाही. पाक विनार्नो मात्र जेवायला बसले.