निळी रेघ पेललेला फलक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे. पालघरच्या शाळेत तुम्ही मला मोडक्या टेबलाचा माथा समजता. समजा बापडे! पण माझ्या अंगावर एका अख्ख्या वाळवंटाचा नकाशा उतरला आहे.

१९७६ साली माकुणसारचे कृष्णकांत राऊत मला राजस्थानात घेऊन गेले. तिथे तांब्याच्या नव्या खाणी निघणार होत्या. मला तिवईवर बसवायचे, माझ्यावर कागद ताणायचा आणि टेकड्या, विहिरी, वाटा पाहून पाहून रेखाटायच्या, हे आमचे काम. मला डोक्यावरून वाहायचा वाणगावकडचा जिवल्या. घरी डोंगरउतारावर नाचणी पिकवणारा गडी.

शेवटचा कागद पुरा झाला. त्यावरून खाणमजुरांच्या झोपड्यांची जागा ठरणार होती. उंटगाड्या जात तो वाळूचा पट्टा कृष्णकांतांनी रस्ता म्हणून काढला होता. कडेला छान सपाट जागा.

जिवल्या कागदावर वाकला. "भाऊ, ह्यो रस्ता नाय. व्हाळ हाय, पान्याची वाट."

"चार महिन्यांत थेंब तरी पाहिलास का? पाणी म्हणजे काय ते आमच्या खाडीला विचार!"

"तुमची खाडी रोज येते, भाऊ. व्हाळ पाव्हना. कवातरी येतो, पन येतो तवा इचारून नाय येत. ती झुडपं बगा. समद्यांत काटक्या एकाच अंगाला अडकल्यात. पान्यानंच."

कृष्णकांत भर उन्हात जाऊन झुडपे पाहून आले. शाईची रेघ पुसायची तर पात्याने खरवडावी लागे, आणि खरवडलेला कागद वरच्या साहेबांना मुळीच खपत नसे. तरी त्यांनी पाते उचलले. रस्ता गेला, कधीमधी वाहणाऱ्या पाण्याची निळी तुटक रेघ आली.

"नकाशा आहे की चाळण?" साहेब गरजले. पण झोपड्या टेकाडावर बांधल्या गेल्या. पुढल्या श्रावणात एका दुपारी तो व्हाळ दोन पुरुष खोल वाहिला. टेकाडावरची बायामाणसे, पोरेबाळे काठाशी येऊन बघत राहिली. सगळीच्या सगळी!

नकाशावर नाव मात्र एकट्या कृष्णकांतांचे छापले. ते त्यांना सलत राहिले. १९९४ साली मला शाळेला देताना त्यांनी माझ्या पाठीवर स्वतः रंगाने लिहिले, 'हा व्हाळ जिवल्या वायडा याने ओळखला.'

जिवल्या हसला. "मला वाचता कुटं येतं, भाऊ?"

"पोरं वाचतील की!"

तर मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, तिवईचा पाय बसवून घ्या. आणि एकदा मला उलटे करून वाचा. जरा मोठ्याने.