मंगळ उतरला

माझी थोरली बहीण बाया मंगळवारी जन्मली, एवढाच तिचा गुन्हा. आमच्या औंढ्याच्या वाडीत जन्मवेळ, पत्रिका असलं काही कुणाचं नव्हतंच. पण बायाचा वार आईच्या लक्षात राहिला, कारण त्या दिवशी तिचा देवीचा उपास होता. माझा वार मात्र तिला कधीच आठवला नाही. ऐन भाताच्या आवणीत झालीस, म्हणायची, चिखलातून उठून घरी आले तेवढं आठवतंय.

शहात्तर सालच्या वैशाखात बायाला लोणावळ्याच्या नवसूचं स्थळ आलं. नवसू आमच्यातलाच, पण रेल्वेत गँगमन म्हणून कायम झालेला. बघायला आला तेव्हा बायानं दिलेला पाण्याचा तांब्या तो किती वेळ नुसता हातात धरून बसला. बाया त्यानंतर कितीतरी दिवस उगाच हसायची. मग त्याची आई भागुबाई आली. सगळं ठरत आलं आणि उठता उठता तिनं बायाचा जन्मवार विचारला. आई भाबडी, सांगून मोकळी झाली.

"म्हंजी पोरीला मंगळ हाय की," भागुबाई म्हणाली. "चाळीत सांगत्यात, मंगळाची सून केली की ल्योक हातचा जातो."

लोणावळ्यात राहून बाई एवढंच शिकली, आणि तेही अर्धवट. मंगळवार वेगळा आणि मंगळ वेगळा, हे तिला सांगणार कोण? आमच्यातच कुणाला ठाऊक नव्हतं.

स्थळ मोडलं. बायाचं हसणं गेलं. आईनं देवीला नारळ दिला, पिंपळाला फेऱ्या घातल्या, भगताचा अंगारा आणला. मंगळ काही हलेना.

आषाढात आवणी चालली होती. एका मंगळवारी दिवस बुडताना आम्ही तिघी चिंब भिजून रखमाजी आबांच्या पडवीत थांबलो. वाडीत रेडिओ त्यांच्याकडेच, आणि कान त्यांचेच निम्मे गेलेले. बातम्या लागल्या होत्या. खरखरीतून माणूस काहीतरी म्हणाला, अमेरिकेचं यान, मंगळ, उतरलं.

"काय म्हनला त्यो?" आईनं विचारलं.

"अमेरिकेनं मंगळ उतरवला म्हनं," आबा म्हणाले.

आईच्या हातातलं इरलं खाली पडलं.

"आये, मंगळावर यान उतरलंय. मंगळ न्हाई उतरला," मी म्हणाले. चौथीपर्यंत शिकले होते मी, गुरुजींनी ग्रह सांगितले होते.

"गप. उतरलं म्हनला का न्हाई त्यो?"

आता आमच्याकडे ताप उतरतो, विंचू उतरतो, दृष्ट तर रोज उतरवतात. मग मंगळानंच तेवढं चढून बसावं असं थोडंच आहे? त्यात बातमी आली तीही मंगळवारी. आई हरखून गेली. चुलीपाशी बायानं मला हळूच विचारलं, "खरंच उतरला आसंल का गं?" मी नाही म्हणाले. "तुला लय कळतं," ती म्हणाली. "रेडू कशाला खोटं बोलंल?" आणि इतक्या दिवसांनी पुन्हा हसली. तिचं ते हसणं बघून मला रडू आलं.

आवणी उरकल्यावर आई आम्हा दोघींना घेऊन लोणावळ्याला निघाली. बायानं ओढ्यातले खेकडे धरून पाटी भरली होती. नवसूला ते आवडतात हे तिनं कुणाकडून काढून घेतलं, कोण जाणे.

रेल्वेच्या चाळीत भागुबाईनं घोंगडं अंथरलं. नवसू नुकताच पाळीवरून आला होता. आईनं पाटी पुढे सरकवली. "इहीनबाई, मंगळ उतरला. रेडूवर सांगितलं. आता काय आडवं न्हाई."

भागुबाईनं लेकाकडे पाहिलं. नवसू मान खाली घालून उठला आणि फळीवरचा पेपर घेऊन आला.

"मावशी, तसं न्हाई. त्यांचं यंत्र तितं जाऊन उतरलंय. मानूस न्हाई त्यात. ह्यो बगा फोटू."

आम्ही चौघी वाकून बघायला लागलो. नुसते दगड. आमच्या माळावर असतात तसेच, लहानमोठे, आणि कडेला यंत्राचा एक पाय. बाया सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिली.

"हितं तर कुनीच न्हाई," ती म्हणाली. "मग माज्या वाईटावर हाय कोन?"

नवसूनं पेपरची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मंगळावरची बातमी वाचणाऱ्या माणसाला आपल्या आईपुढे तोंड उघडता येईना.

"उतरला न्हाई, म्हंजी हाय तितंच हाय की," भागुबाई म्हणाली. तिनं फडकं उचलून खेकडे पाहिले आणि पाटी आत नेली. रिकामी करून परत आली ती पदराला हात पुसत, माझ्याकडे बघत.

"इहीनबाई," तिनं आईला पहिल्यांदाच असं म्हटलं, "ही धाकली कोन्त्या वारची?"

आई माझ्याकडे बघेना, बायाकडेही बघेना. दोन पोरींतली एक तरी उजवावी, एवढंच तिच्या डोक्यात आलं असणार. तिला मी काय बोलू?

"शुक्कीरवारची," आई म्हणाली.

परत येताना रिकामी पाटी बायाच्या डोक्यावर होती. बरंच चालल्यावर ती म्हणाली, "चिंगे, तू शुक्कीरवारची हायेस, मला ठावंच नव्हतं."

"मलाबी न्हाई," मी म्हणाले.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ माझं. बायाला पुढच्या साली दोन पोरांच्या बापाला दिली. नवसूला खेकडे अजून आवडतात. मी कधी रांधले नाहीत.