डाव्या हाताची बाटली

बाटली घ्यायचीय की नवरा निवडायचाय हिला? नवरा तर एका भेटीत पसंत केला होता, माझा रणजित! आणि इथे जयपूरच्या जवाहर नगरातल्या दुकानात मैत्रेयीबाई पाणी थंड ठेवणारी एकेक बाटली उचलून परत ठेवत होत्या.

बाटली माझ्यासाठीच होती म्हणा. हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. एका हाताने फिरकीचं झाकण उघडत नाही. घोटाघोटाला सुनेला हाक मारायची? छे! त्यापेक्षा तहान मारलेली बरी. अशी मारता मारता परवा चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी चांगलंच झापलं.

आणि खरं सांगू? पिण्यापेक्षा दुसरंच खुपत होतं. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायचं, हे मी जन्मभर केलं. आता ही बनी पार्कच्या ऑफिसातून स्कूटीवर भाजून येते आणि उलट मलाच पाणी देते. लाज वाटते हो.

"ती हिरवी घे गं, छान आहे," मी म्हटलं.

"नाही आई, मतलब... थांबा ना जरा." पोरगी जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी असं अडखळतं.

दुकानदाराने नळीवाली दाखवली. मी भडकले. "दप्तर लावून शाळेत धाडतेस का मला?"

ती खुदकन हसली. दुकानदाराकडून तिने दुसरी एक बाटली काठोकाठ भरून घेतली, उचलली, कलती करून पाहिली. तेवढ्यात तो म्हणाला, "मैडम, सीधे हाथ में लगी है क्या?"

"नहीं भैया, ऐसे ही."

तेव्हा माझं लक्ष गेलं. तिचा उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता. मघापासून प्रत्येक बाटली ती एकट्या डाव्या हाताने उघडून बघत होती. अगं बाई! आणि मी मेली मघापासून हिच्यावर करवादत होते. डोळे भरून आले. आईनेसुद्धा माझी एवढी काळजी केली नसेल.

शेवटी तीच भरलेली बाटली घेतली. रंग चिखलासारखा, पण अंगठ्याने बटण दाबलं की टक्कन उघडते, आणि बुडाला रबर असल्याने सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटीचा आवाज आला तशी मी टेबलापाशी जाऊन बसले. बटण दाबलं. पेला भरला, थोडं टेबलावर सांडलं, सांडू दे. मैत्रेयी लालबुंद होऊन आत आली आणि दारातच थबकली.

"आई, आधी तुम्ही—"

"गप! उन्हातून आलीस ना? पी आधी."

तिने उभ्या उभ्या सगळा पेला रिकामा केला, ओढणीने डोळे पुसले आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आई, अजून द्या."

मी पुन्हा बटण दाबलं.