लोरेटा वर्गणी बंद करते

शनिवारी लोरेटा पिकेटचं लग्न होतं आणि बुधवार उजाडला तरी तिचा फोटो ‘दुसरा वसंत’ या साइटवर नवरा शोधत बसला होता. खरा नवरा, म्हणजे वर्लिन, तिथंच सापडून आठ महिने झाले होते. पण साइटला त्याचं काय! वर्षाची वर्गणी उद्या आपोआप पुन्हा कापली जाणार होती.

"चर्चमध्ये माझी काय शोभा होते गं," वर्लिन म्हणाला होता. "एकजण सांगत होता, तुझी होणारी बायको अजून गळ टाकून बसलीय. ते बंद होत नसेल तर शनिवारचा मला विचार करावा लागेल."

सहासष्टाव्या वर्षी भेटलेलं माणूस! लोरेटानं साइटला फोन लावला.

"बाळा, मला नवरा मिळाला."

"अभिनंदन, मॅडम!" पलीकडचा ब्रॅड म्हणाला. "मग सहा महिने अर्ध्या दरात ठेवू? काय सांगावं!"

रद्दच करायचं तर मुख्य कार्यालयाला पत्र पाठवा, म्हणाला. फ्रेस्नो शहराच्या पोस्टात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला पत्र कधी पोचतं हे ब्रॅडनं शिकवायची गरज नव्हती.

ती लायब्ररीत गेली आणि राज्याचा कायदाच वाचून आली. ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच रद्द करता आली पाहिजे. वर्षाची वर्गणी पुन्हा कापण्याआधी ग्राहकाला कळवलं पाहिजे. ब्रॅडला तिनं दोन्ही कलमं वाचून दाखवली, तक्रार कुठं करणार तेही सांगितलं. दोन मिनिटांत लिंक आली. बटण होतंच, बिचारं लाजत होतं इतकंच.

‘नक्की ना?’ पहिल्या पानानं विचारलं. ‘एकट्या पडाल,’ दुसरं म्हणालं. तिसऱ्यानं सवलत पुढे केली. चौथ्यावर आज येऊन गेलेल्या जवळपासच्या पुरुषांचे फोटो होते. पहिलाच वर्लिन. गळ्यात निळा टाय, तिनं गेल्या रविवारी लग्नासाठी घेऊन दिलेला. साइटवरचे फोटो पैसे भरणाऱ्यांनाच दिसतात, म्हणजे चर्चमधला तो ‘एकजण’ वर्लिनच, हे तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

तिनं बटण दाबलं आणि वर्लिनला बोलावून घेतलं.

"अगं, वर्गणी आपोआप कापली जाते," तो म्हणाला. "मला पत्ताच नाही."

"कापण्याआधी कळवतात, कायदाच आहे. आणि टाय? तोही आपोआप बांधला गेला? संपलं आपलं."

वर्लिन घुटमळला. "नक्की ठरवलंस?" मग, "एकटी पडशील, बघ." मग, "हवं तर लग्न पुढं ढकलू." ब्रॅडनंच पढवून पाठवला होता जणू.

लोरेटानं दार उघडून धरलं.

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात बसून पोटभर रडली. मग तिनं चर्चला फोन केला. पाद्रीबाबांनी एकदाच विचारलं, "नक्की ना?"

ती "हो" म्हणाली, आणि शनिवार रद्द झाला.