माझ्या वतीने

धन्यकुमार गेले तेव्हा राजमतीबाई रडल्या नाहीत. मिरजेच्या हॉस्पिटलातून त्यांना सांगलीच्या घरी आणलं, भाऊबंद जमले, सगळं रीतीप्रमाणे पार पडलं, आणि बायका आपसांत म्हणाल्या, "लय धीराची बाई हाय." तो धीर नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. आणि त्याचं राजमतीबाईंना नवलही वाटत नव्हतं.

मूलबाळ नव्हतं. पाटबंधारे खात्यात असताना धन्यकुमारांनी साताऱ्याला बांधलेलं घर भाड्याने दिलेलं होतं, आणि सत्तरी उलटल्यावर त्यासाठी एसटीच्या खेपा घालणं राजमतीबाईंना झेपेना. म्हणून त्यांनी आधी मृत्युपत्र केलं, आणि हयातीतला कारभार पाहायला, साताऱ्यातच राहणाऱ्या पुतण्याच्या, आर्जवच्या, बायकोला कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं ठरवलं. प्रीती शाळेत शिकवायची. नीटनेटकी, मोजकं बोलणारी. धन्यकुमारांना ती चार-दोन लग्नकार्यांत भेटली असेल, तेवढीच.

वकिलांनी मसुदा वाचून दाखवला. घरपट्टी भरणे, भाडेकरार करणे, कचेरीत हजर राहणे, असं करत ते शेवटच्या कलमाशी आले: 'आणि माझ्याकडून जे जे करावयाचे राहून गेले असेल ते ते माझ्या वतीने करणे, ते मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य राहील.'

"सगळ्यांच्याच कागदात असतं हे," वकील म्हणाले. निबंधकांच्या कार्यालयात दोघींचे फोटो निघाले, अंगठे उठले, आणि दुपारच्या गाडीने राजमतीबाई सांगलीला परतल्या.

तीन आठवड्यांनी आर्जवचा फोन आला. "काकी, प्रीती सारखी रडतीय. शाळेत, स्वयंपाक करताना, कवाही. डॉक्टर म्हणतात, काही न्हाई. मला तर सांगतच न्हाई ती. तुम्ही येऊन जाता का?"

त्या गेल्या. प्रीती मागच्या अंगणात मेथी निवडत बसली होती. गालाची हाडं वर आलेली. राजमतीबाई शेजारी टेकल्या तशी तिने मान वर न करताच बोलायला सुरुवात केली, जणू हे बोलणं मघाशीच चालू होतं.

"त्यांनी पाणी मागितलं होतं. दिवस मावळला होता, आणि त्यांचा नेम, मावळल्यावर थेंबही घ्यायचा नाही. मी म्हटलं, आता उजाडल्यावर. दुसऱ्यांदा नुसते ओठ हलले त्यांचे." मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली. "भांडं माझ्या हाताशी होतं, काकी. मी ते लांब सरकवलं."

त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत धन्यकुमार आणि राजमतीबाई, तिसरं कुणी नव्हतं, आणि राजमतीबाईंनी ही गोष्ट कुणापाशी उच्चारली नव्हती. त्यांनी ती स्वतःत शोधून पाहिली. पलंग आठवला, खिडकीची जाळी आठवली. पण भांडं सरकवणारा हात आठवेना. परक्या घरातली हकीकत ऐकावी तशा त्या ऐकत राहिल्या, आणि प्रीतीच्या डोळ्यांतलं पाणी मेथीवर पडत राहिलं.

आर्जवने हे दारातून ऐकलं होतं. जेवताना तो हळूच म्हणाला, "तो कागद मोडून टाकूया का, काकी? कागदानं असं होतं असं मी म्हणत न्हाई. पण त्या दिवसापास्नंच हे सुरू झालंय."

"मोडूया," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांनी रद्द करण्याचा कागद तयार केला. तो निबंधकांकडे न्यायचा, त्याआधी फक्त सही हवी होती. काचेच्या दारापलीकडे बाकावर प्रीती बसली होती, तोंडाशी ओढणीचा बोळा धरून, अजिबात आवाज न करता. तिचे खांदे मात्र हलत होते.

"इथे," वकिलांनी बोट ठेवलं. "सही झाली की जे जे त्यांना दिलंय ते सगळं परत तुमच्याकडे."

राजमतीबाईंनी पेन टेकवलं. कागदावर निळा ठिपका उमटला. त्यांनी काचेतून पाहिलं, पुष्कळ वेळ, एखाद्या ओझ्याचा बाहेरूनच अंदाज घ्यावा तसं. मग पेनला टोपण लावून ते वकिलांच्या पुढ्यात ठेवलं.

"राहू द्या. काम चांगलं करते ती."

"आवं काकी," आर्जवचा आवाज फुटला, "तिच्याकडं बघा तरी एकदा!"

"बघितलं," त्या म्हणाल्या.

स्टँडवर पोहोचवायला प्रीतीच आली. तिने खिडकीची जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, आणि खाली उतरून गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. गाडी हायवेला लागल्यावर शेजारच्या म्हातारीने राजमतीबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि आपलेपणाने विचारलं, "मालक कवा वारलं, बाई?"

राजमतीबाईंनी आठवून पाहिलं. बाहेर उसाचे फड मागे पळत होते.

"सुनेला विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.