सातवा माणूस

मी एक जुनी मतपेटी आहे. मेपलच्या लाकडाची, पितळी कडीची, आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या डोंगरात वेस्ट हार्लो नावाचे गाव आहे. तिथल्या सभागृहात माझे सारे आयुष्य गेले. मित्रांनो, माझ्या पोटात किती गुपिते आहेत याची तुम्हाला कल्पना नाही. पण त्यातले एकही मी फोडणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी एका हट्टी सुताराने मला घडवले. माझ्या झाकणाची फट त्याने मुद्दाम अरुंद ठेवली. एका वेळी एकच चिठ्ठी आत जावी, असा त्याचा हट्ट. दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी सारा गाव चिखलाच्या बुटांनी सभेला यायचा. शाळेचे छप्पर, ओढ्यावरचा पूल, बर्फ उपसायची गाडी, सगळे माझ्यापुढे ठरायचे. माणसे रांगेने चालत यायची आणि चिठ्ठी टाकताना क्षणभर थांबायची. तो क्षण मला फार आवडायचा.

पुढे गावाला घाई झाली. लोक बसल्या जागेवरून ‘हो’ आणि ‘नाही’ असे ओरडून मोकळे होऊ लागले. माझी रवानगी कपाटात झाली. माझ्यात पेन्सिलींचे तुकडे आणि रबरबँड ठेवले गेले. उंदराने संसार थाटला तोही तेव्हाच. खोटे कशाला सांगू, मला अपमान वाटायचा.

मग इराकचे युद्ध आले. युद्धाला तीन वर्षे होत आली, त्या मार्चमध्ये सभेच्या यादीतला शेवटचा विषय आर्लीन पेल्की या बाईने मांडला. सक्तीची लष्करभरती देशाने व्हिएतनामचे युद्ध संपत आले तेव्हा बंद केली होती. ती पुन्हा सुरू करा, असे गावाने वॉशिंग्टनला कळवावे, असा तिचा ठराव. तिचा मुलगा कोरी फौजेत होता. त्याला तिसऱ्यांदा युद्धावर धाडले होते.

दुपारी घेवडा आणि ‘ॲपल पाय’ खाऊन गाव सुस्तावले होते. सभापती ड्वाइटने ठराव वाचला.

मागून कोणीतरी म्हणाले, “अहो, वगळा की हा विषय! घरी पाकासाठी उकळत ठेवलेला मेपलचा रस उतू जाईल.”

“रस जाईल उतू, आणि माझा पोरगा?” आर्लीन उठली. “तीच तीच पोरं परत परत जातात. तुमची मुलं घरी आहेत, म्हणून तुम्हाला घाई. सगळ्यांच्या घरी हुकूम आला ना, की सगळेच विचारतील, हे युद्ध संपतंय कधी!”

तिचा शेजारी मर्टन कॉब उठला. पासष्टीचा माणूस, आवाज जड. “आर्लीन, अगं, व्हिएतनामच्या वेळी माझ्या भावाच्या वाढदिवसाची तारीख भरतीच्या सोडतीत निघाली. एवढाच त्याचा गुन्हा. एकोणीस वर्षांचा होता, परत आलाच नाही. मला ती सोडत पुन्हा नकोय.”

“मग तुमच्या भावाच्या जागी आता माझा कोरी, असंच ना?”

मर्टन खाली बसला.

“मंडळी, वगळायचाच ना? ओरडून सांगा,” ड्वाइट म्हणाला. त्यालाही हे दुखणे नको होते.

“थांबा,” आर्लीन म्हणाली. “मला चिठ्ठ्या हव्यात.”

मित्रांनो, आमचा नियम असा आहे. सात मतदार उभे राहिले, तर प्रश्न वगळता येत नाही आणि ओरडून उडवताही येत नाही. चिठ्ठ्या टाकाव्याच लागतात. आर्लीन उभी होतीच. तिची बहीण उठली. मग शाळेची बाई. मग आणखी तिघे, एकमेकांकडे बघत. सहा झाले. सातवा उठेना. उघड्या कपाटातून मी एकेक खुर्ची पाहत होते. लाकडाला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

तेवढ्यात मर्टन उठला.

“मर्टन, तुम्ही तर विरोधात!” ड्वाइट चक्रावला.

“आहेच विरोधात. तिच्याविरुद्ध मत टाकणार आहे,” मर्टन गुरकावला. “पण टाकणार. तिचं पोर तिकडे गोळ्यांपुढे उभं आहे, आणि आपल्याला खुर्चीतून उठवत नाही? आणा ती पेटी.”

मला बाहेर काढले. रबरबँड झटकले. एकेक जण चालत आला. एक चिठ्ठी तर फटीपाशी कितीतरी वेळ अडून राहिली. ती कोणाची, ते विचारू नका.

मोजणी झाली. ‘नाही’ एकसष्ट. ‘हो’ अठ्ठावन्न. आर्लीन हरली.

तिने कोट चढवला, डोळे पुसले. “ठीक आहे. पण आज एकशे एकोणीस माणसांना माझ्या कोरीचा विचार करावा लागला. पुढच्या मार्चला परत मांडणार.”

“मांड. मी परत विरोधात टाकीन,” मर्टन म्हणाला. “उद्या सकाळी तुझ्याकडे रस उकळायला येतो. कोरी येईपर्यंत रोज.”

“बादली सांडलीत ना, तर बघा,” ती म्हणाली आणि दोघे चिखलातून एकत्रच बाहेर पडले.

त्या दिवसापासून मी कपाटात गेले नाही. सभापतीच्या टेबलावर असते. माझे लाकूड आता पिचत चालले आहे, कडी कुरकुरते. मित्रांनो, मला तेल लावा, माझी फट स्वच्छ ठेवा, एवढे तर मागतेच. पण खरे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल. कोणाच्या तरी मुलाला युद्धावर धाडायचा प्रश्न तुमच्यापुढे येईल, आणि सगळे म्हणतील, वगळा. तेव्हा खुर्चीतून उठा आणि माझ्यापर्यंत चालत या. हो लिहा, नाही लिहा, ते तुमचे तुम्ही ठरवा. आणि सहाच जण उभे दिसले, तर इकडेतिकडे बघत बसू नका.